चिनी भाषांमधला रेडिओ आणि त्याचं संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री शॉर्टवेव्हची सुई फिरवताना मध्येच चिनी निवेदन लागतं, किंवा सिंगापूर, टोरोंटोला गेलेल्या मुलांकडे राहताना गाडीत चिनी स्टेशन ऐकू येतं. मग प्रश्न पडतात. त्यातले नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

चिनी रेडिओ म्हणजे नक्की कोणत्या भाषेतला रेडिओ?

हा प्रश्न आधी सोडवला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. चिनी ही एकच भाषा नाही. मँडरिन ही चीन आणि तैवानची राजभाषा, सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक. हाँगकाँग आणि ग्वांगडोंग प्रांताच्या मोठ्या भागात कँटोनीज बोलतात. फुजियान प्रांत, तैवान, सिंगापूर, मलेशियातलं पेनांग इथे होक्किएन. शिवाय तिओचिऊ आणि हक्का. फक्त मँडरिन येणाऱ्याला कँटोनीज बातम्या ऐकून कळत नाहीत. लिपी एक असल्यामुळे वर्तमानपत्र सगळ्यांना वाचता येतं, पण रेडिओला लिपी नसते. म्हणून चिनी रेडिओच्या इतिहासात एक वाद सतत दिसतो: माइक कोणत्या भाषेच्या हाती द्यायचा? आणि हा निर्णय बहुतेक वेळा सरकारांनी घेतला आहे, श्रोत्यांनी नव्हे.

याची सुरुवात कुठे झाली?

शांघायमध्ये. जानेवारी १९२३ मध्ये ऑसबर्न नावाच्या अमेरिकन माणसानं तिथे पहिलं स्टेशन सुरू केलं. रेडिओ संच विकले जावेत हा त्यामागचा हेतू होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत शहरात खासगी स्टेशनांची गर्दी झाली. दुकानदार आणि औषधवाले कार्यक्रमांना पैसे द्यायचे आणि गायिका स्टुडिओत उभ्या राहून थेट गायच्या. ली जिनह्वे या संगीतकारानं चिनी लोकधून आणि अमेरिकन जॅझ यांचा मेळ घालून नव्या धाटणीची शहरी गाणी बांधली. ती घराघरांत पोचली ती रेडिओमुळे. १९३४ मध्ये रेडिओ गायिकांसाठी वाचकांची मतं मागवण्यात आली, त्यात बाइ होंग पहिली आली आणि झोउ श्वान दुसरी. पुढे झोउ श्वानचं नाव त्या काळाशी कायमचं जोडलं गेलं.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर या गाण्यांना अश्लील, ऱ्हासाची गाणी ठरवलं गेलं आणि खासगी स्टेशनं सरकारजमा झाली. तबकड्या काढणारी पाथे कंपनी १९५२ मध्ये हाँगकाँगला गेली. गायिका, वादक, गीतकारही तिकडे गेले. पुढची वीस वर्षं मँडरिन गाण्याचं मोठं केंद्र कँटोनीज बोलणाऱ्या शहरात होतं, ही मला या सगळ्या इतिहासातली फार विलक्षण गोष्ट वाटते.

तारेवरचा रेडिओ म्हणजे काय? जुने सिंगापूरकर त्याबद्दल एवढं का बोलतात?

रेडिफ्युजन ही ब्रिटिश कंपनी १९४९ मध्ये सिंगापूर, क्वालालंपूर आणि हाँगकाँगमध्ये उतरली. तिचा रेडिओ हवेतून येत नसे. घराच्या भिंतीवर एक छोटा लाकडी खोका बसवायचे, त्याला वायर जोडलेली असायची आणि महिन्याला वर्गणी भरायची. सिंगापुरात ही वर्गणी पाच मलायन डॉलर होती. स्टेशन शोधायची भानगड नाही, खरखर नाही, बटण फिरवलं की आवाज सुरू. ज्यांना घरी घेणं परवडत नसे ते कॉफीच्या दुकानात बसून ऐकत.

ऐकत काय? गोष्टी. सिंगापुरात ली दाय-सो कँटोनीजमधून जुन्या शौर्यकथा सांगायचे, ओंग तो होक्किएनमधून, एन्ग चिआ खेंग तिओचिऊमधून. रोज एक भाग, आणि नेमका उत्कंठेच्या जागी थांबणार. बंदरावरचे हमाल, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांना वाचता येत नव्हतं त्या लाखो लोकांना आपल्या पूर्वजांचं वाङ्मय या खोक्यानं आपापल्या बोलीत दिलं. शाळेनं हे काम केलं नव्हतं. सिंगापूरची रेडिफ्युजन सेवा ३० एप्रिल २०१२ रोजी बंद झाली, पण त्या गोष्टी त्याच्या कितीतरी आधी थांबल्या होत्या. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

सिंगापूरनं बोलीभाषांचे कार्यक्रम बंद का केले? आणि एका गाण्यावरही बंदी होती, हे खरं का?

दोन्ही खरं. सप्टेंबर १९७९ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. सरकारचं म्हणणं असं: चिनी मुलांना शाळेत इंग्रजी आणि मँडरिन शिकायचं आहे. घरी होक्किएन नाहीतर कँटोनीज बोलल्यानं त्यांच्यावर तिसऱ्या भाषेचं ओझं पडतं, शिवाय समाज बोलींच्या गटांत विभागलेला राहतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडिओ आणि टीव्हीवरून बोली जवळजवळ हद्दपार झाल्या. हाँगकाँगच्या मालिका मँडरिनमध्ये डब होऊ लागल्या. कथाकारांचे कार्यक्रम संपले.

मोहीम यशस्वी झाली. आज सिंगापूरचे तरुण चिनी मँडरिन बोलतात. पण ज्या आजी-आजोबांना मँडरिन येत नव्हती, त्यांच्या घरातला आवाज एका सरकारी निर्णयानं गेला. याची भरपाई झाली असं मी मानत नाही.

आता ते गाणं. १९८० च्या दशकात सिंगापूरच्या कॉलेजांतली मुलं गिटार घेऊन स्वतःची मँडरिन गाणी रचू लागली. या चळवळीला 'शिनयाओ' म्हणतात. लिआंग वेन फूक हा तिचा सर्वांत लाडका गीतकार. १९९० मध्ये त्याच्या एका गाण्यात कँटोनीज ओळी आल्या, म्हणून ते रेडिओवर वाजवायला मनाई झाली. बंदी उठली २०१३ मध्ये. गाण्यात राजकारण नव्हतं. आक्षेप फक्त भाषेला होता.

आज कॅपिटल ९५८ या सिंगापूरच्या स्टेशनवर बोलींमधली छोटी बातमीपत्रं लागतात, मुख्यतः ज्येष्ठांसाठी. मलेशियात मात्र गोष्ट वेगळी राहिली. सरकारी आय एफएमवर बोलींमधल्या बातम्या असतात. मँडरिनच्या बरोबरीनं कँटोनीज बोलणारं ९८८ एफएम आणि माय एफएम तुफान लोकप्रिय आहेत. चिनी नववर्षाच्या आधी ही स्टेशनं आपल्या निवेदकांनाच गायला लावून नवी गाणी काढतात. त्या महिन्यात मलेशियातल्या कुठल्याही मॉलमध्ये गेलात तर ती ऐकल्याशिवाय बाहेर पडणं अशक्य.

तैवानमध्येही असंच झालं का?

झालं, आणि तिथे लोकांनी ते परतवून लावलं. १९५० आणि ६० च्या दशकांत तैवानच्या खेड्यांत होक्किएन रेडिओ जोरात होता. चार गाणी, थोड्या गप्पा, नभोनाट्याचा एक भाग आणि मग निवेदक स्वतःच खोकल्याचं नाहीतर सांधेदुखीचं औषध विकणार, असा तो मामला. १९७६ च्या प्रसारण कायद्यानं मँडरिनला प्राधान्य आणि बोलींना वर्षागणिक कात्री असं धोरण लिखित केलं. डिसेंबर १९८८ मध्ये हक्का लोकांनी 'आमची मातृभाषा परत द्या' म्हणत तैपेईत मोर्चा काढला. १९९३ मध्ये ते कलम रद्द झालं. त्याच सुमारास विनापरवाना स्टेशनांचं पेव फुटलं. होक्किएनमधून थेट फोन घेणारी ही स्टेशनं टॅक्सीवाल्यांमध्ये विशेष चालायची, आणि १९९४ मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर छापे घातले तेव्हा श्रोते रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी हक्का समाजाचं स्वतःचं स्टेशन सुरू झालं. २०१७ पासून सरकारी पाठबळाचं, देशभर ऐकू येणारं हक्का स्टेशनही आहे.

तेरेसा टेंगबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण चिनी भाषांच्या जगात तिच्याइतका दूरवर गेलेला आवाज दुसरा नाही.

मूळ नाव डेंग लीजुन, जन्म १९५३ मध्ये तैवानच्या युनलिन भागात. अकराव्या वर्षी रेडिओच्या गायन स्पर्धेत पहिली आली. पुढे मँडरिन, कँटोनीज, होक्किएन, जपानी, इंडोनेशियन अशा कितीतरी भाषांत गायली. तिची सर्वांत प्रसिद्ध मँडरिन चाल एका इंडोनेशियन लोकगीताची आहे. तिचं गाणं कानाजवळ बोलल्यासारखं वाटतं. श्वास ऐकू येतो, ओळीच्या शेवटी आवाज अलगद सुटतो, कुठेही जोर नाही.

चीनच्या लोकांनी त्याआधी तीस वर्षं सामूहिक, छाती पुढे काढून गायलेली गाणी ऐकली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शॉर्टवेव्हवर तैवानची स्टेशनं आणि रेडिओ ऑस्ट्रेलियाची चिनी सेवा यांतून हा आवाज त्यांच्या कानावर पडला. असं ऐकणं म्हणजे 'शत्रूचं स्टेशन' ऐकणं. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यासाठी शिक्षा होत असे. लोक पांघरुणात संच घेऊन ऐकायचे, मग कॅसेटवर उतरवून घ्यायचे आणि त्या कॅसेटच्या कॅसेटी व्हायच्या. सरकारी टीकाकारांनी तिच्या गाण्यांना ऱ्हासाचं संगीत म्हटलं. लोक म्हणायचे, दिवसा म्हातारा डेंग, रात्री छोटी डेंग. म्हातारा डेंग म्हणजे देशाचे नेते डेंग श्याओपिंग.

तैवाननंही तिचा वापर करून घेतला. चीनच्या किनाऱ्यासमोर किनमेन हे तैवानच्या ताब्यातलं बेट आहे. तिथे १९६७ मध्ये बांधलेली एक काँक्रीटची भिंत आहे, तिच्यात ४८ कर्णे बसवलेले. समुद्रापलीकडे प्रचाराची भाषणं आणि तिची गाणी त्यातून सोडली जायची. १९९१ मध्ये ती स्वतः किनमेनला गेली आणि कर्ण्यांवरून पलीकडच्या लोकांशी बोलली. चीनच्या भूमीवर तिचा कार्यक्रम कधीच झाला नाही. मे १९९५ मध्ये थायलंडच्या चियांग मायमध्ये दम्याच्या झटक्यानं ती गेली, तेव्हा ती अवघी ४२ वर्षांची होती. ज्या देशात तिनं कधी पाऊल ठेवलं नाही तिथे तिची गाणी पिढ्यानपिढ्या पाठ आहेत, आणि हे काम कुठल्याही सरकारी खात्यानं केलेलं नाही.

मग त्या काळात चीनमध्ये अधिकृतपणे काय वाजत होतं?

माओंच्या काळात खेड्यांत रेडिओ संच फार कमी होते. तारांचं जाळं आणि कर्णे मात्र गावोगाव पोचले. पहाटे कर्णा सुरू झाला की दिवस सुरू. 'पूर्व दिशा लाल आहे' हे माओस्तुतीचं गीत दिवसाची सुरुवात करायचं. त्याची चाल शाआन्शी प्रांताच्या उत्तर भागातल्या लोकगीताची.

याच गीताची एक कथा मला फार आवडते. चीननं आपला पहिला उपग्रह २४ एप्रिल १९७० रोजी सोडला, वजन १७३ किलो. त्यात एक छोटं यंत्र होतं, ते ही चाल २०.००९ मेगाहर्ट्‌झवर अवकाशातून प्रक्षेपित करत होतं. चांगला शॉर्टवेव्ह संच असलेला जगातला कुणीही ती ऐकू शकत होता. सुमारे तीन आठवड्यांनी बॅटरी संपली आणि चाल थांबली. उपग्रह मात्र अजून पृथ्वीभोवती फिरतो आहे.

माओंनंतर गाडी हळूहळू रुळावर आली. १९८० मध्ये मध्यवर्ती रेडिओनं श्रोत्यांना पत्रं लिहून आवडती गाणी कळवायला सांगितलं आणि पंधरा गाणी निवडली गेली. त्याच वर्षी ली गू-यी या गायिकेनं हळुवार, श्वास सोडत गायलेल्या एका गाण्यावर सडकून टीका झाली. आज ऐकताना त्यात आक्षेपार्ह काय होतं ते शोधूनही सापडत नाही.

दक्षिणेत वेगळंच चाललं होतं. ग्वांगडोंगचे बहुतेक लोक हाँगकाँगची स्टेशनं ऐकत. त्यांना परत खेचण्यासाठी १५ डिसेंबर १९८६ रोजी पर्ल नदीच्या नावानं एक नवं स्टेशन सुरू झालं: लिहिलेलं वाचण्याऐवजी थेट बोलणारे निवेदक, श्रोत्यांचे फोन, भरपूर गाणी. पुढे सगळ्या चीननं हा साचा उचलला.

कँटोनीज गाणी ऐकायला वेगळी का वाटतात?

कँटोनीजमध्ये शब्द कोणत्या सुरात उच्चारला यावर अर्थ ठरतो, आणि असे सहा सूर आहेत. मँडरिन गाण्यात चाल शब्दांच्या सुरांवर मात करते, ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. कँटोनीजमध्ये हे चालत नाही. चाल वर गेली आणि शब्द खालच्या सुराचा असला तर कानाला भलताच शब्द ऐकू येतो. म्हणून आधी चाल बांधतात आणि गीतकार तिच्या चढउतारात चपखल बसणारे शब्द शोधतो. यासाठी त्यांची एक युक्ती आहे. शून्य, दोन, चार, तीन या अंकांचे कँटोनीज उच्चार खालपासून वरपर्यंतच्या चार पातळ्यांवर पडतात. गीतकार आधी नुसते अंक गुणगुणत चालीचा आराखडा बसवतो आणि मग प्रत्येक अंकाच्या जागी शब्द भरतो. आपल्याकडे छंदात लघु-गुरू मोजतात, तसं इथे उंची मोजावी लागते. इतक्या अटी पाळूनही त्या गाण्यांत प्रेम, दारिद्र्य, ऑफिसातला वैताग, सगळं आलं.

हाँगकाँगच्या रेडिओनं या गाण्याला घडवलंही. रेडिओ टेलिव्हिजन हाँगकाँगनं १९७८ च्या गाण्यांपासून दहा सर्वोत्तम चिनी गाण्यांचे पुरस्कार द्यायला सुरुवात केली. तोवर शहरातले शिकलेले तरुण इंग्रजी गाणीच ऐकायचे. पुढे बाजार एवढा फोफावला की जपानी चालींवर कँटोनीज शब्द बसवून धडाधड गाणी निघू लागली. १९९५ मध्ये कमर्शियल रेडिओच्या दुसऱ्या वाहिनीनं ठरवलं की यापुढे उसन्या चालींची गाणी वाजवायची नाहीत, फक्त स्वतंत्र रचना. स्थानिक संगीतकारांना अचानक काम मिळालं. एका स्टेशनच्या निर्णयानं संगीत बदलल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

पण याच शहरातला दू वुनही विसरू नये. हा अंध गायक 'नाम-याम' नावाचा कथनगीतांचा जुना प्रकार गायचा. १९५५ ते १९७० अशी पंधरा वर्षं तो सरकारी रेडिओवर गायला. मग कार्यक्रम बंद झाला आणि तो पुन्हा रस्त्यावर गाऊ लागला. १९७५ मध्ये बेल युंग या अभ्यासकानं एका जुन्या चहाघरात, कपबशांच्या आवाजात आणि गिऱ्हाइकांच्या गलक्यात त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. १९७९ मध्ये दू वुन गेला. ते ध्वनिमुद्रण आहे म्हणून तो प्रकार मूळ वातावरणात कसा वाजत होता हे आज कळतं.

शॉर्टवेव्हवर तासभर नुसते ढोल, झांजा आणि सनईसारखं वाद्य ऐकू येतं. निवेदन नाही, नाव नाही. हे कोणतं स्टेशन?

ते स्टेशनच नाही. चीनमध्ये नको असलेली परदेशी प्रसारणं दाबण्यासाठी त्याच फ्रीक्वेन्सीवर जोरदार ट्रान्समीटर लावतात. त्यावर काही वर्षं पारंपरिक चिनी वाद्यसंगीताची एक तासाची फीत पुन्हा पुन्हा वाजत असे. जगभरच्या शॉर्टवेव्ह शौकिनांनी त्याला 'फायरड्रेक' हे नाव दिलं. सनईच्या जातीचं ते वाद्य म्हणजे सुओना. त्याखाली बहुधा रेडिओ फ्री एशिया, व्हॉइस ऑफ अमेरिका किंवा साउंड ऑफ होप यांपैकी कुणाचा तरी मँडरिन कार्यक्रम गाडलेला असायचा. अलीकडे संगीताऐवजी चीनच्या राष्ट्रीय रेडिओची पहिली वाहिनीच वर चढवलेली जास्त आढळते. संगीत उत्तम आहे, वादकही तयारीचे आहेत. दुसऱ्याचा आवाज बुजवण्यासाठी ते वापरलं गेलं याचं वाईट वाटतं.

अमेरिका, कॅनडात गेलेल्या चिनी लोकांनी काय केलं?

लॉस एंजेलिसमध्ये एकाच मालकाची दोन स्टेशनं आहेत: १३०० एएमवर मँडरिन, १४३० वर कँटोनीज. व्हँकुव्हरमध्ये फेअरचाइल्डचं १४७० एएम आणि ९६.१ एफएम. ट्रॅफिक, घरांच्या किमती, डॉक्टरांचा सल्ला, आणि मधूनमधून हाँगकाँगची जुनी गाणी.

न्यूयॉर्कमध्ये फ्रीक्वेन्सी मिळणं महाग होतं, तिथे वेगळी वाट निघाली. एफएम स्टेशनच्या लहरीत मुख्य कार्यक्रमाशिवाय एक उपवाहिनी दडवता येते. साध्या रेडिओला ती ऐकू येत नाही, त्यासाठी खास संच लागतो. सिनोकास्टसारख्या कंपन्यांनी असे संच विकले. चायनाटाऊनच्या शिवणकामाच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत ते दिवसभर चालू असायचे.

ही स्टेशनं चीन सरकार चालवतं का?

बहुतेक नाही. पण प्रश्न अगदीच निराधार नाही. २०१५ मध्ये रॉयटर्सनं शोधून काढलं की चायना रेडिओ इंटरनॅशनल या चीनच्या सरकारी परदेश रेडिओचे कार्यक्रम १४ देशांतली किमान ३३ स्टेशनं मध्यस्थ कंपन्यांमार्फत लावत होती, आणि हे श्रोत्यांना सांगितलं जात नव्हतं. २०२० मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी मेक्सिकोतून कॅलिफोर्नियाकडे रोखलेल्या एका मँडरिन स्टेशनला कार्यक्रम पुरवायला मनाई केली. दुसऱ्या बाजूनं, मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं स्वतःच व्हॉइस ऑफ अमेरिका या आपल्या सरकारी रेडिओचं काम थांबवलं. बीबीसीनं मँडरिन रेडिओ २०११ मध्येच बंद केला होता.

भारताचा याच्याशी काही संबंध?

आहे. आकाशवाणीच्या परदेश सेवेत चिनी विभाग राहिलेला आहे. तिकडून चायना रेडिओ इंटरनॅशनल १९५९ पासून हिंदीत आणि १९६३ पासून तमिळमध्ये बोलत आलं आहे. तमिळनाडूत त्यांच्या श्रोत्यांचे मंडळ-मेळावे भरायचे. राज कपूरच्या 'आवारा'चं शीर्षकगीत चीनमधल्या एका अख्ख्या पिढीला पाठ आहे.

भारतात चिनी भाषेचं स्थानिक एफएम स्टेशन नाही. मुंबईच्या माझगावात १९१९ चं सी यूप मंदिर आहे. ते बांधणारे ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावरून आलेले लोक. कोलकात्याच्या टँगऱ्यातले चिनी मुख्यतः हक्का, आणि त्यांतली बरीच कुटुंबं आता टोरोंटोत आहेत.

भाषा येत नाही. तरी ऐकायचं असेल तर काय लावू?

बहुतेक स्टेशनं इंटरनेटवर मोफत ऐकू येतात, शॉर्टवेव्ह संचाची गरज नाही. जुनी गाणी हवी असतील तर सिंगापूरचं कॅपिटल ९५८ किंवा लव्ह ९७२ लावा. आजचं काय चाललंय ते तिथल्याच येस ९३३ वर आणि तैपेईच्या हिट एफएमवर कळेल. कँटोनीजसाठी हाँगकाँगच्या कमर्शियल रेडिओची दुसरी वाहिनी, मँडरिन-कँटोनीजची सरमिसळ ऐकायची तर मलेशियाचं ९८८. हे देश आपल्या घड्याळाच्या अडीच तास पुढे आहेत, म्हणजे तिथले रात्रीचे निवांत, गाण्यांचे कार्यक्रम आपल्याकडे संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होतात. पहिले काही दिवस फक्त एवढंच ओळखायचा प्रयत्न करा: आत्ता लागलेलं गाणं मँडरिन आहे की कँटोनीज? कँटोनीजमध्ये अनेक शब्द क, त, प वर तुटक संपतात, मँडरिनमध्ये तसे कधीच संपत नाहीत.